अ काउंटेस फ्रॉम हाँगकाँग

चार्ली चॅप्लिनने (१८८९–१९७७) लिहिलेला व दिग्दर्शित केलेला अखेरचा चित्रपट. इंग्रजी विनोदी प्रेमपट, १९६७. प्रमुख भूमिका मार्लन ब्रँडो व सोफिया लॉरेन यांच्या. निर्माता जेरोम एपस्टाइन, छायालेखक आर्थर इबेटसन, चित्रसंस्था युनिव्हर्सल. चित्रीकरण १९६६ मध्ये लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत झाले. चॅप्लिनचा हा एकमेव रंगीत चित्रपट; संगीतही त्याचेच. ५ जानेवारी १९६७ रोजी लंडनमध्ये तो प्रथम दाखवला गेला. त्या काळचा सर्वांत प्रभावी अभिनेता आणि मूकपटांचा सर्वश्रेष्ठ विनोदकार एकत्र आल्यामुळे त्याच्याबद्दल कमालीची उत्सुकता होती. प्रत्यक्षात ब्रिटनमधील व अमेरिकेतील समीक्षकांनी त्याला शिळा आणि संथ ठरवले, आणि अमेरिकेत तिकीटबारीवरही तो पडला.

कथानक एका आलिशान प्रवासी जहाजावर घडते. ऑग्डेन मिअर्स (ब्रँडो) हा गर्भश्रीमंत बापाचा मुलगा आणि अमेरिकेचा मुत्सद्दी. हाँगकाँगला मौजमजेत एक रात्र घालवून तो जहाजावर परततो, तर आपल्या कपड्यांच्या कपाटात लपलेली नताशा (लॉरेन) त्याला सापडते. रशियन क्रांतीनंतर परागंदा झालेल्या सरदार घराण्यातील ही मुलगी पैसे देणाऱ्या खलाशांबरोबर नाचून पोट भरत असते. तिच्याकडे पासपोर्ट नाही, अंगावरच्या पोशाखाखेरीज कपडे नाहीत. तिला पोलिसांच्या हवाली करावे तर ऑग्डेनचीच बदनामी होणार, म्हणून तो तिला खोलीत लपवून ठेवतो. यापुढचा बराच चित्रपट दारावरच्या घंटेवर चालतो. घंटा वाजली की सगळ्यांची धावाधाव, नताशा न्हाणीघरात, दार उघडले की चेहऱ्यावर शांतता. तिचा अमेरिकाप्रवेश सुकर व्हावा म्हणून ऑग्डेनचा नोकर हडसन याच्याशी तिचे नावापुरते लग्न लावले जाते. होनोलुलूला ऑग्डेनची दुरावलेली पत्नी मार्था (टिपी हेड्रेन) जहाजावर येते. नताशा समुद्रात उडी टाकून किनारा गाठते. शेवटी ऑग्डेन जहाज सोडून तिच्याकडे येतो.

या कथेची मुळे १९३० च्या दशकातील आहेत. पूर्वेकडच्या प्रवासात चॅप्लिनने शांघायमधील निर्वासित रशियन उमराव पाहिले होते. देश गेला, पदव्या उरल्या, आणि पोटासाठी मिळेल ते काम करणे नशिबी आले, अशी ती माणसे. त्यांच्यावरून सुचलेली कथा त्याने ‘स्टोअवे’ या नावाने, पॉलेट गोडार्डला नायिका कल्पून लिहिली होती. ती मागे पडली आणि सुमारे तीस वर्षांनी बाहेर निघाली. या विलंबाची किंमत चित्रपटाने मोजली. १९३० च्या दशकात नताशाच्या दैन्यामागे ताजा इतिहास होता. १९६७ साली ती नुसती चटपटीत कल्पना उरली होती. बंद खोलीत परपुरुषाचा पायजमा घालून वावरणारी स्त्री हा प्रकारही तोवर प्रेक्षकांना धक्का देण्याइतका धीट राहिला नव्हता.

तरीही चित्रपटाच्या अपयशाचे खरे कारण कथेच्या वयात नाही. ते ब्रँडो आणि चॅप्लिन यांच्या अभिनयविषयक समजुतींत आहे. ब्रँडोने (१९२४–२००४) चॅप्लिनवरील भक्तीपोटी ही भूमिका घेतली. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ (१९५१) आणि ‘ऑन द वॉटरफ्रंट’ (१९५४) यांतून त्याने पडद्यावरच्या अभिनयाची चालच बदलली होती. पात्राच्या मनात काय चालले आहे ते आधी शोधायचे, मग हालचाल आपोआप येते, ही त्याची पद्धत. स्टेला ॲडलरच्या शिकवणीतून ती घडली होती. चॅप्लिनची वाट नेमकी उलटी. तो प्रत्येक पात्राची भूमिका स्वतः करून दाखवी. पेला कसा उचलायचा, मान कुठल्या क्षणी वळवायची, हे सगळे ठरलेले असे, आणि नटाने ते तसेच उतरवावे अशी अपेक्षा असे. ‘सिटी लाइट्स’मध्ये (१९३१) फुलवालीच्या एका प्रसंगाचे शेकडो टेक घेणारा दिग्दर्शक होता तो. लॉरेनने ही पद्धत आनंदाने स्वीकारली. ब्रँडो आतून मिटत गेला.

ते मिटणे पडद्यावर दिसते. ब्रँडोला विनोद जमत नव्हता, असे या चित्रपटावरून म्हटले जाते. ते अन्यायाचे आहे. ‘बेडटाइम स्टोरी’मध्ये (१९६४) डेव्हिड निव्हनसमोर त्याने साकारलेला भामटा पाहावा. तिथे तो मोकळा आहे, लबाड आहे, स्वतःच्या सोंगाची मजा घेतो आहे. ऑग्डेनच्या भूमिकेत मात्र तो जड पावलांनी दार गाठतो, वाक्याआधी थांबतो, वाक्यानंतर थांबतो. गंभीर नाट्यात त्याच्या या थांबण्याने प्रेक्षक श्वास रोखून धरत. घंटा वाजल्यावर पळापळ करायच्या प्रहसनात एका क्षणाचा उशीरही प्रसंग मारतो, आणि इथे असे क्षण अनेक आहेत. ऑग्डेन नताशावर चिडतो तेव्हा त्या चिडीत खरा त्रासिकपणा दिसतो, पण त्याचे प्रेमात रूपांतर कधी झाले हे कळत नाही. ज्या नटाच्या नजरेतला किंचित बदल प्रेक्षकांना वाचता येत असे, त्याचाच चेहरा इथे काही सांगत नाही. ब्रँडोवर प्रेम करणाऱ्याला हे पाहणे अवघड जाते.

चॅप्लिनची चित्रचौकट या अडचणीत भर घालते. कॅमेरा बहुतेक वेळ खोलीच्या एका बाजूला स्थिर. पात्रे डावी-उजवीकडे जातात, दारे उघडतात, मिटतात. हीच मांडणी त्याच्या जुन्या चित्रपटांत समर्थ ठरली होती, कारण चौकटीत तो स्वतः असे आणि त्याच्या टाचेपासून टोपीपर्यंत सगळे अंग बोलत असे. कॅमेऱ्याने हलायची गरजच नव्हती. इथे चौकट तशीच राहिली, पण तिला जिवंत ठेवणारे शरीर नाही. बोट लागलेल्या म्हाताऱ्या जहाजसेवकाच्या रूपात चॅप्लिन क्षणभर दारात येतो. दार, त्याचा कासावीस चेहरा, आणि तो गेलाही. तेवढ्यात खोलीचा नूर पालटतो, आणि संपूर्ण चित्रपटात काय हवे होते ते कळते.

ज्यांनी चॅप्लिनची लय पकडली त्यांच्यामुळे काही प्रसंग आजही हसवतात. हडसनची भूमिका करणारा पॅट्रिक कारगिल हा त्यांत अव्वल. नावापुरत्या लग्नानंतर नववधूबरोबर एका खोलीत रात्र काढायची वेळ आलेल्या या शिष्टाचारी नोकराची तारांबळ अस्सल प्रहसनाची आहे. संपूर्ण चित्रपटातला तो सर्वोत्तम भाग मानावा लागेल. ढगळ पायजमा सावरत चालणाऱ्या लॉरेनला कायिक विनोदाची उत्तम जाण आहे. अंथरुणात पडून राहिलेल्या मिस गॉल्सवॉलोच्या लहानशा भूमिकेत मार्गारेट रदरफर्ड धमाल उडवते. ऑग्डेनचा मित्र हार्वे हा चॅप्लिनचा मुलगा सिडनी याने सहजपणे वठवला आहे. जेराल्डीन, जोसेफीन आणि व्हिक्टोरिया या मुलीही ओझरत्या दिसतात. हेड्रेनला मात्र फारच थोडे काम मिळाले, आणि तेही चित्रपट संपत आल्यावर.

चित्रपटाच्या वाट्याला न आलेले यश त्याच्या संगीताला लाभले. मुख्य धुनेवर चॅप्लिनने स्वतःच शब्द रचलेले ‘धिस इज माय साँग’ हे गीत पेटुला क्लार्कने गायले आणि १९६७ च्या सुरुवातीलाच ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. हॅरी सीकोंबने गायलेली आवृत्तीही तिथे गाजली.

चॅप्लिनला समीक्षकांची टीका जिव्हारी लागली; आपला चित्रपट चांगला आहे यावर तो ठाम राहिला. व्हिक्टोरियासाठी त्याने पंख फुटलेल्या मुलीची ‘द फ्रीक’ ही कथा लिहून तयार केली, पण ती पडद्यावर आली नाही. ब्रँडोची पडती वर्षे ‘द गॉडफादर’ने (१९७२) संपवली. त्याच वर्षी, वीस वर्षांच्या विजनवासानंतर, चॅप्लिन मानद ऑस्कर स्वीकारण्यासाठी अमेरिकेत परतला. ब्रँडोने १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात या चित्रीकरणाविषयी, विशेषतः चॅप्लिनने सेटवर सिडनीला दिलेल्या वागणुकीविषयी, अत्यंत कठोर शब्दांत लिहिले आहे. मात्र चित्रपटमाध्यमाने घडवलेला बहुधा सर्वांत मोठा प्रतिभावंत हे चॅप्लिनचे स्थान त्याने त्याच पुस्तकात मान्य केले आहे.