मिचुरिन्स्क : एका धान्यनगरीचे नामांतर

नगराचे नाव बदलले म्हणून त्याचा पूर्वेतिहास पुसला जातो असे नाही. परंतु नव्या नावाच्या तेजात तो पुष्कळदा दिसेनासा होतो. रशियाच्या तांबोव प्रांतातील मिचुरिन्स्क या शहराची गोष्ट अशीच आहे.

मॉस्कोच्या झारने इ. स. १६३५ त लेस्नोय वोरोनेझ नदीच्या काठी हे ठाणे वसविले, ते नांगरासाठी नव्हे, तर क्रिमियाकडून येणाऱ्या तार्तर स्वारांस अडविण्यासाठी. त्याचे नाव तेव्हा कोझ्लोव. येथे पाठविलेल्या शिपायांस चाकरीबद्दल जमिनी मिळाल्या, आणि त्या जमिनी रशियाच्या सुप्रसिद्ध काळ्या मातीच्या होत्या. पुढे सरहद्द दक्षिणेस सरकली, तटबंदी निरुपयोगी झाली, व शिपायांचे वंशज शेतकरी बनले. १७७९ त कोझ्लोव जिल्ह्याचे नगर झाले. धान्य व गुरे हाच त्याचा मुख्य व्यापार.

१८६६ त रियाझानहून आगगाडी येथवर आली आणि कोझ्लोव थेट मॉस्कोशी जोडले गेले. लवकरच वोरोनेझ व तांबोव यांकडेही फाटे निघाले. व्यापाऱ्यांची भरभराट झाली. पण धान्य बाहेर नेण्याची सोय वाढली म्हणून ते पिकविणाऱ्याच्या घरी शिल्लक राहू लागले, असे मात्र झाले नाही. करभरणीसाठी तो सुगीतच, स्वस्त भावाने, माल विकी. १८९१ त अवर्षण पडताच काळ्या मातीचा हाच मुलूख दुष्काळात सापडला. सरकारने धान्याची परदेशी निर्यात बंद केली, ती संकट दारात उभे राहिल्यावर. पुढे नव्या राजवटीने सक्तीने धान्य उचलले, तेव्हा १९२० त तांबोव प्रांतातील शेतकऱ्यांनी बंड केले. ते १९२१ त सैन्याने, ओलीस धरून व विषारी वायूचे हुकूम काढून, चिरडले.

या नगरात १८७२ त इव्हान मिचुरिन हा तरुण रेल्वेच्या नोकरीस आला. घड्याळे दुरुस्त करून तो आपल्या बागेचा खर्च भागवी. कडक थंडीत टिकतील अशी सफरचंदे व नासपती संकराने निर्माण करण्यात त्याने आयुष्य वेचले. १९३२ त, तो हयात असतानाच, नगरास त्याचे नाव दिले गेले. १९३५ त तो वारला. त्यानंतर त्याच्या नावाचे शस्त्र झाले. १९४८ त लिसेंकोने त्याच नावाने आनुवंशशास्त्र रशियातून हद्दपार करविले. मिचुरिनच्या कार्यास आरंभी उत्तेजन देणारा थोर शास्त्रज्ञ वाविलोव त्यापूर्वीच, १९४३ त, सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने मेला होता.

मिचुरिनच्या श्रमांबद्दल आम्हांस आदरच आहे, आणि २००३ त या नगरास मिळालेला विज्ञाननगरीचा दर्जाही त्याच्या बागेचेच फळ होय. परंतु त्याच्या येण्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ ज्यांनी ही माती नांगरली, आणि जे आपल्याच धान्यास मुकले, त्यांच्या नावे एकही नगर नाही. कोझ्लोवचा इतिहास लिहावयाचा तर तो त्यांच्या कोठारापासूनच सुरू केला पाहिजे, असे आमचे मत आहे.