आल्यावरील कंदकूज आणि बुरशीनाशके

कंदकूज : आल्याच्या जमिनीतील कंदाला पावसाळ्यात होणारा रोग. महाराष्ट्रात सातारा, सांगली, छत्रपती संभाजीनगर या आले पिकवणाऱ्या जिल्ह्यांत त्याला गड्डेकूज असेही म्हणतात. हळदीवरही हा रोग येतो. पिथियम प्रजातीतील पिथियम अफॅनिडर्मॅटम आणि पिथियम मायरिओटायलम या जाती त्याला मुख्यत्वे कारणीभूत असतात.

प्रथम खालच्या पानांचे शेंडे पिवळे पडतात आणि पिवळेपणा कडांनी खाली उतरतो. बुंध्याशी भाग पाणचट होतो, खोड ओढताच हाताशी येते आणि आतल्या कंदाचा दुर्गंधीयुक्त लगदा झालेला असतो. पान पिवळे दिसेपर्यंत जमिनीखाली बरेच नुकसान होऊन गेलेले असते, आणि कुजलेला गड्डा कोणत्याही औषधाने पुन्हा सावरत नाही. बुरशीनाशकाचे काम शेजारचे निरोगी गड्डे वाचवण्याचे.

पिथियमला व्यवहारात बुरशी म्हणतात, पण ती खरी बुरशी नव्हे. तिच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज व ग्लुकान असतात, तर खऱ्या बुरशीच्या भित्तिकेत कायटिन असते. साचलेल्या पाण्यात तिचे चलबीजाणू पोहत एका गड्ड्याकडून दुसऱ्याकडे जातात. जाड भित्तिकेचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणूनच ‘बुरशीचे औषध’ एवढेच सांगून घेतलेले कार्बेन्डाझिम येथे कामाचे नाही. फ्युजॅरियम या खऱ्या बुरशीमुळे येणाऱ्या पिवळेपणावर ते चालते, पिथियमवर नाही. शेतकऱ्याचा पैसा या गफलतीत वाया जातो, म्हणून निदान आधी आणि खरेदी नंतर.

जिवाणूजन्य मर हाही असाच फसवा रोग. त्यात झाड हिरवे असतानाच मान टाकते. खोडाचा ताजा काप स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला आणि त्यातून दुधाळ धार सुटली, तर रोग जिवाणूचा. तेथे बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी द्रावण ओतणे, व्यर्थ आहे.

नियंत्रणाचा पाया बेणेप्रक्रिया हाच. निरोगी प्लॉटमधले बेणे निवडून ते लिटरला 3 ग्रॅम मॅन्कोझेबच्या द्रावणात 30 मिनिटे बुडवतात व सावलीत सुकवून लावतात. गादीवाफा व चर काढून पाण्याचा निचरा केलेला नसेल, तर पुढचे सारे उपाय लंगडे पडतात.

रोग दिसताच बाधित गड्डे मातीसकट काढून दूर नष्ट करतात. त्या जागेवर आणि भोवतालच्या गड्ड्यांवर मेटॅलॅक्सिल व मॅन्कोझेब यांचे मिश्र औषध, कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा 1 टक्का बोर्डो मिश्रण यांची आळवणी करतात. बोर्डोसाठी 100 लिटर पाण्याला मोरचूद व कळीचा चुना प्रत्येकी 1 किलो लागतो. तयार मिश्रणात विळ्याचे पाते बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा.

मेटॅलॅक्सिल आंतरप्रवाही आहे, पण झाडात मुख्यतः वरच्या दिशेने चढते. पानांवर फवारलेले औषध कंदापर्यंत पुरेसे उतरत नाही, म्हणून ते मुळाशीच द्यावे लागते. 1977 मध्ये बाजारात आलेल्या या औषधाला बटाट्याच्या करप्याने 1980 मध्येच आयर्लंड व नेदरलँड्समध्ये दाद देणे थांबवले. ते रोगकारकाच्या एकाच जैविक क्रियेवर आघात करते, त्यामुळे प्रतिकार लवकर निर्माण होतो. त्याच्या जोडीला मॅन्कोझेब असते ते यासाठी, आणि दर आळवणीला तेच औषध वापरणे चुकीचे आहे.

ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी शेणखतात वाढवून वाफ्यात मिसळतात. मॅन्कोझेब किंवा ताम्रयुक्त औषध तिलाही मारू शकते, म्हणून दोन्हींत किमान पंधरवड्याचे अंतर ठेवावे. हिरवे आले थेट स्वयंपाकघरात जाते. त्यामुळे काढणी जवळ आली असता लेबलवरील प्रतीक्षा काळ न पाळता केलेली आळवणी खाणाऱ्यावर अन्याय करणारी आहे.