बोलायचं बटण

माझं आजोळ जामखेड तालुक्यातलं, नोकरी पुण्यात. मध्यंतरी आमच्या टीमकडे एक काम आलं: मेडिकल आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसाठी व्हीआर सिम्युलेशन. हेडसेट चढवला की समोर आभासी वॉर्ड, खाटेवर अत्यवस्थ पेशंट. एक जण डॉक्टर, दुसरी नर्स. दोघांनी मिळून पेशंट वाचवायचा. चाचणीच्या दिवशी नर्स झालेली विद्यार्थिनी मधेच थांबली. "सर, ऑक्सिजन उतरतोय हे मला दिसतंय, पण सांगायचं बटणच येत नाहीये."

तो बग नव्हता. कोड मीच तसा लिहिला होता. डॉक्टरने विचारलं, तरच नर्सला बोलायचे पर्याय दिसायचे. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून दवाखान्यांत जे पाहिलं, तेच कोडमध्ये उतरलं होतं.

मग या प्रशिक्षणाचा उगम शोधत गेलो आणि पोहोचलो थेट विमानतळावर. २७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ माणसं गेली. धावपट्टी खरंच मोकळी आहे का, अशी शंका एका विमानातल्या फ्लाइट इंजिनीअरने बोलून दाखवली होती. ज्येष्ठ कॅप्टनने ती उडवून लावली. १९७९मध्ये 'नासा'ने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि वैमानिकांना शिकवणं सुरू झालं: कनिष्ठाने बोलायचं, वरिष्ठाने ऐकायचं. पुढे स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी हाच धडा ऑपरेशन थिएटरमध्ये आणला. खोटा पेशंट, खरी टीम. आमचा हेडसेट त्याच घराण्यातला.

पण १९७९ या सालाने मला घरी आणून सोडलं. त्याच वर्षी डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता, जामखेडच्या कामासाठी.

वेल्लोरला शिकलेलं हे जोडपं १९७०मध्ये जामखेडला आलं. दुष्काळी मुलूख, बाळं दगावायची. आधी त्यांनी प्रशिक्षित नर्स गावांत ठेवून पाहिल्या. परक्या, तरुण मुली; गाव त्यांचं ऐकेना. मग गावातलीच बाई गावाने निवडायची, असं ठरलं. यातल्या बऱ्याच जणी निरक्षर होत्या, काही दलित. त्या जामखेडला येऊन शिकायच्या, परत जाऊन बाळंतपणं करायच्या, मुलांची वजनं घ्यायच्या आणि पुढच्या खेपेला आपले अनुभव घेऊन यायच्या. डॉक्टर, नर्स, समाजसेवक यांचं फिरतं पथक गावात आलं, की कुठल्या घरात काय दुखणं आहे हे तीच सांगायची. पथकाकडे औषधं होती, पण गावाची माहिती तिच्याकडे होती. शिकल्यासवरल्या माणसांना अंगठेबहाद्दर बाईचं ऐकायला शिकवणं, हा जामखेडचा खरा अभ्यासक्रम. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५च्या पुस्तकात या कामाची दखल घेतली. १९७८च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्याचा जो विचार जगाने स्वीकारला, त्यामागच्या उदाहरणांत जामखेडही होतं.

सिम्युलेशनच्या बाजूने बोलायचं तर, तिथे चूक झाली तरी कुणाचा जीव जात नाही. एकच प्रसंग दहा वेळा करून बघता येतो. हे मोठंच आहे. पण हेडसेट काढला, की डॉक्टर आपल्या खुर्चीवर आणि सिस्टर आपल्या कोपऱ्यात परत जातात. जामखेडमध्ये सराव आणि काम वेगळं नव्हतं. सोमवारी जिचं ऐकायचं शिकलात, मंगळवारी तिच्याच गावात तिच्या मागून चालायचं होतं.

मी कोड बदलला. आता नर्सचं बटण पहिल्या सेकंदापासून दिसतं. शिवाय ती बोलल्यावर डॉक्टरने तिचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय प्रसंग पुढे सरकत नाही. हा नियम लिहायला मला वीस मिनिटं लागली. वॉर्डात तो रुजवायला किती वर्षं लागतील, हे मात्र कॉलेजांनी आणि दवाखान्यांनी ठरवायचंय.