मलिक अंबरवर पीएचडी कोण करणार?

मलिक अंबर आपल्याला शाळेत भेटतो तो गनिमी काव्यापुरता. माणूस त्याहून कितीतरी मोठा. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्म, लहानपणीच गुलाम म्हणून विक्री, बगदादमार्गे दख्खनेत. इथं त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेज खानानं. तोही मूळचा हबशी गुलामच. पुढं अंबरनं निजामशाही सांभाळली, खडकी वसवली, १६२४ मध्ये भातवडीला मोगल-आदिलशाही फौजा हरवल्या. शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६ मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे.

हा इतिहास फक्त मराठवाड्याचा नाही. आमचं पंढरपूर त्या काळी बहुतांश आदिलशाहीत होतं, आणि विजापूर दरबारातही इखलास खानासारखे हबशी सरदार होते. जंजिऱ्याचे सिद्दी तर १९४८ पर्यंत राज्य करत होते. म्हणजे आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्या इतिहासात पाहुणी नाहीत, घरची आहेत.

पण यावर संशोधन करायचं तर फारसी हवी, मोडी हवी. १६१७ मध्ये अंबरला भेटलेल्या डच व्यापारी व्हॅन डेन ब्रूकच्या नोंदी वाचायला डच हवी, जंजिऱ्यासाठी पोर्तुगीज. चार-पाच वर्षं पगाराविना हे कोण करणार? म्हणूनच अंबरवरचं अलीकडचं महत्त्वाचं लेखन रिचर्ड ईटन आणि ओमर अली यांचं आहे. दोघेही अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवणारे. न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रानं २०१३ मध्ये भारतातल्या आफ्रिकी वंशजांवर प्रदर्शन भरवलं. त्यांचं कौतुकच आहे. प्रश्न आपला आहे.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएचडीसाठी मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये सुरू झाली. इतर योजनांशी ती जुळते, असं कारण देत केंद्रानं २०२२ मध्ये ती बंद केली. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आपापल्या समाजांतल्या संशोधकांना फेलोशिप देतात, आणि ते योग्यच आहे. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुस्लिम मुलीला मात्र इतिहासापेक्षा डी.एड. परवडतं. तिचा कल कुठं आहे, हे कुणी विचारतही नाही.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिलं. जगातल्या दडपलेल्यांशी नातं जोडण्याची ही परंपरा याच मातीतली. त्यामागं बुद्धी होती, तशी कुणीतरी वेळेवर दिलेली रक्कमही होती.

सरकारकडं फेलोशिप मागत राहूच. पण आपल्या ट्रस्टनी, जकात सोडून उरणाऱ्या देणग्यांतून, दरवर्षी एका विद्यार्थ्याची फारसी-मोडीची फी आणि खोलीभाडं भरलं, तरी सुरुवात होईल.