बार्बरा स्टॅनविक

बार्बरा स्टॅनविक (जन्म : १६ जुलै १९०७, ब्रुकलिन, न्यू यॉर्क, मृत्यू : २० जानेवारी १९९०, सांता मोनिका, कॅलिफोर्निया) या अमेरिकन चित्रपट, रंगभूमी व दूरचित्रवाणी अभिनेत्री होत्या. त्यांचे मूळ नाव रूबी कॅथरिन स्टीव्हन्स. १९३० ते १९५७ या काळात त्या हॉलिवूडमध्ये सातत्याने प्रमुख भूमिका करीत होत्या. 'स्टेला डॅलस', 'द लेडी ईव्ह' आणि 'डबल इन्डेम्निटी' या चित्रपटांमुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. मात्र त्यांच्या ऐंशीहून अधिक चित्रपटांपैकी अनेक महत्त्वाचे चित्रपट दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले.

पूर्वायुष्य

रूबी चार वर्षांच्या असताना ट्रॅममधून पडून झालेल्या अपघातानंतर त्यांच्या आईचा मृत्यू झाला. त्यानंतर थोड्याच काळात वडील पनामा कालव्याच्या कामावर निघून गेले. रूबी यांचे बालपण थोरल्या बहिणीच्या आधाराने आणि वेगवेगळ्या पालक कुटुंबांत गेले. शालेय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लहानमोठ्या नोकऱ्या केल्या आणि किशोरवयातच न्यू यॉर्कच्या नृत्यपथकांत प्रवेश केला. १९२६ मध्ये 'द नूस' या नाटकातील भूमिकेच्या वेळी त्यांनी बार्बरा स्टॅनविक हे नाव धारण केले. पुढच्या वर्षी आलेल्या 'बर्लेस्क' या नाटकाने त्यांना ब्रॉडवेवर यश मिळवून दिले. १९२८ मध्ये विनोदी नट फ्रँक फे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या हॉलिवूडला आल्या. हा विवाह १९३५ मध्ये संपुष्टात आला. अभिनेते रॉबर्ट टेलर यांच्याशी १९३९ मध्ये झालेला त्यांचा दुसरा विवाह १९५१ पर्यंत टिकला.

चित्रपट कारकीर्द

फ्रँक काप्रा दिग्दर्शित 'लेडीज ऑफ लेझर' (१९३०) या चित्रपटाने स्टॅनविक यांना पहिले मोठे यश दिले. त्यांचा अभिनय पहिल्याच चित्रणात सर्वाधिक उत्कट असतो आणि पुनरावृत्तीत फिका पडतो, हे काप्रा यांच्या लक्षात आले. म्हणून ते इतर नटांच्या तालमी स्टॅनविक यांच्याविना घेत आणि त्यांचा प्रवेश एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी टिपत. या दोघांनी एकूण पाच चित्रपट एकत्र केले.

किंग व्हिडॉर यांचा 'स्टेला डॅलस' (१९३७), हॉवर्ड हॉक्स यांचा 'बॉल ऑफ फायर' (१९४१), बिली वाइल्डर यांचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) आणि अनातोल लित्वाक यांचा 'सॉरी, राँग नंबर' (१९४८) या चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले. स्पर्धेतील ऑस्कर मात्र त्यांना कधीही मिळाले नाही.

दुर्लक्षाची कारणे

त्या काळात बहुतेक नट एका स्टुडिओशी दीर्घ मुदतीच्या कराराने बांधलेले असत आणि स्टुडिओ आपल्या ताऱ्यांची प्रतिमा जाणीवपूर्वक घडवीत. स्टॅनविक यांनी अशी बांधिलकी टाळली. त्यामुळे त्यांना भूमिकांची विविधता लाभली, परंतु त्यांचे चित्रपट कोलंबिया, वॉर्नर, पॅरामाउंट, युनिव्हर्सल इत्यादी संस्थांत विखुरले गेले. त्यांच्या एकत्रित जतनात कोणत्याही एका संस्थेचे हित गुंतलेले नव्हते.

दुसरे कारण सेन्सॉरचे होते. 'हेज संहिता' या नावाने ओळखली जाणारी चित्रपटविषयक नियमावली १९३४ च्या मध्यापासून काटेकोरपणे अमलात आली. त्यापूर्वीच्या धीट चित्रपटांचे पुनःप्रदर्शन त्यामुळे अवघड झाले. काही चित्रपट कापलेल्या रूपातच शिल्लक राहिले.

उल्लेखनीय दुर्लक्षित चित्रपट

'द मिरॅकल वुमन' (१९३१) : काप्रा दिग्दर्शित या चित्रपटात स्टॅनविक यांनी धर्मोपदेशकाच्या मुलीची भूमिका केली. वडिलांच्या मृत्यूला जबाबदार असलेल्या चर्चच्या सभासदांना ती पहिल्याच प्रसंगात भर सभेत जाब विचारते आणि पुढे श्रद्धेचाच व्यापार मांडते. भोंदूगिरी आणि खरी वेदना या दोहोंना त्यांनी एकाच व्यक्तिरेखेत स्थान दिले.

'द बिटर टी ऑफ जनरल येन' (१९३३) : न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये दाखवला गेलेला हा पहिला चित्रपट होय. चिनी सेनानी आणि अमेरिकन मिशनरी स्त्री यांच्यातील आकर्षण हा त्याचा विषय त्या काळी अनेकांना रुचला नाही आणि नियोजित मुदतीपूर्वीच त्याचे प्रदर्शन थांबले. वांशिक पूर्वग्रहाचा प्रश्न तो विचारतो; तथापि सेनानीची भूमिका नील्स अ‍ॅस्थर या स्वीडिश नटाला चिनी रंगभूषा करून दिल्याने तो स्वतःही त्या पूर्वग्रहापासून मुक्त नाही.

'बेबी फेस' (१९३३) : वडिलांच्या दारूच्या गुत्त्यातून सुटलेली लिली न्यू यॉर्कमधील एका बँकेत पुरुषांचा वापर करीत मजल्यामागून मजला वर चढते. न्यू यॉर्कच्या सेन्सॉर मंडळाने आक्षेप घेतल्यावर चित्रपट कापण्यात आला. वृद्ध चांभाराने तिला दिलेला नीत्शेप्रणीत सल्ला बदलून तेथे नीतीचा उपदेश घालण्यात आला. मूळ प्रत २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात सापडली. तोपर्यंत सत्तर वर्षे प्रेक्षकांसमोर चित्रपटाचे सौम्य केलेले रूपच होते.

'रिमेंबर द नाइट' (१९४०) : नाताळात अटक झालेली दुकानचोर स्त्री आणि तिच्यावर खटला चालवणारा सरकारी वकील यांची ही कथा. पटकथा प्रेस्टन स्टर्जेस यांची, तर दिग्दर्शन मिचेल लायसन यांचे होते. नायिकेला तिची सख्खी आई दारातूनच झिडकारते, त्या प्रसंगात स्टॅनविक फारसे बोलत नाहीत. चेहऱ्यावरचा ताठा हळूहळू ढासळताना दिसतो.

'नो मॅन ऑफ हर ओन' (१९५०) : रेल्वे अपघातानंतर दुसऱ्या स्त्रीच्या नावाने जगणाऱ्या तरुणीची ही कथा कॉर्नेल वुलरिच यांच्या कादंबरीवर आधारित आहे. आशा पारेख अभिनीत 'कटी पतंग' या हिंदी चित्रपटाच्या कथेशी तिचे ठळक साम्य असल्याने भारतीय प्रेक्षकांना ती ओळखीची वाटते.

'देअर्स ऑल्वेज टुमारो' (१९५६) : डग्लस सर्क दिग्दर्शित या चित्रपटात कुटुंबाने गृहीत धरलेल्या खेळणी-निर्मात्याच्या आयुष्यात त्याची जुनी सहकारी परत येते. ती त्याच्या मुलांना वडिलांकडे झालेल्या दुर्लक्षाची जाणीव करून देते आणि स्वतः मात्र निघून जाते.

'फॉर्टी गन्स' (१९५७) : सॅम्युअल फुलर यांच्या या वेस्टर्नमध्ये स्टॅनविक यांनी घोड्यामागे फरफटत जाण्याचे धोकादायक दृश्य स्वतः केले. त्या वेळी त्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या.

अभिनयशैली

स्टॅनविक यांचा अभिनय संयत आणि अनलंकृत होता. किंचित घोगरा आवाज आणि भावनेचा स्फोट होईपर्यंत ती दाबून धरण्याची हातोटी ही त्याची लक्षणे होत. त्यांच्या नायिका बहुधा स्वतःच्या कष्टावर किंवा चातुर्यावर जगणाऱ्या आहेत. प्रेक्षकांची सहानुभूती मिळावी म्हणून त्यांचे दोष त्या सौम्य करीत नाहीत. ही बाब प्रसिद्ध चित्रपटांपेक्षा वरील चित्रपटांत अधिक स्पष्टपणे जाणवते, कारण त्यांत हीच अभिनेत्री धर्मोपदेशिका, चोर, पशुपालनाच्या विशाल जमिनीची मालकीण आणि एकाकी प्रौढा अशा परस्परभिन्न रूपांत दिसते.

दूरचित्रवाणी व पुरस्कार

'द बिग व्हॅली' (१९६५–६९) या मालिकेने त्यांना नव्या पिढीपर्यंत पोहोचवले. दूरचित्रवाणीवरील कामासाठी त्यांना तीन एमी पुरस्कार मिळाले. त्यांपैकी शेवटचा 'द थॉर्न बर्ड्स' (१९८३) या मालिकेसाठी होता. १९८२ मध्ये त्यांना मानद ऑस्कर आणि १९८७ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटचा जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला.

वारसा

अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभिजात हॉलिवूडमधील श्रेष्ठ अभिनेत्रींच्या यादीत स्टॅनविक यांना अकरावे स्थान मिळाले. 'बेबी फेस' या चित्रपटाची २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीसाठी निवड झाली. मूळ प्रतींचा शोध, पुनरुज्जीवन आणि चित्रपट महोत्सवांतील प्रदर्शने यांमुळे त्यांच्या कारकिर्दीचा झाकोळलेला भाग पुन्हा अभ्यासकांच्या व रसिकांच्या नजरेस येत आहे.