गेममधला उष्ण कटिबंध आणि खडकीचं पाणी

'सिटीज: स्कायलाइन्स' हा शहर वसवण्याचा गेम फिनलंडच्या 'कोलोसल ऑर्डर' कंपनीने बनवला आणि तो २०१५ साली आला. त्यात नकाशाला 'ट्रॉपिकल' हवामान मिळतं: माडाची झाडं, निळंशार पाणी. मी त्यात आपला क्रांती चौक वसवून पाहिला. रस्ते जमले, पण आपला उन्हाळा काही येईना. नदी बारमाही. पाण्याची टाकी कुठेही उभारा, ती जमिनीतून पाणी खेचतच राहते.

आपलं शहरही उष्ण कटिबंधातच आहे, जवळपास २० अंश उत्तरेला. पण इथे पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर. पुढचे आठ महिने साठवणीवर काढायचे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकी वसवली, तेव्हा उत्तरेच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या जोरावर गावात आणलं. तीच नहर-ए-अंबरी. १९७६मध्ये पैठणजवळ जायकवाडी धरण पूर्ण झालं. तिथलं पाणी मात्र पंपाने वर चढवावं लागतं, आणि नळाला ते रोज येत नाही.

गेममध्ये पाइप जोडला की पाण्याचा प्रश्न मिटतो. इथे चारशे वर्षं तोच प्रश्न प्रत्येक राजवटीपुढे उभा राहिला आहे. हे शहर खरंच खेळायचं, तर नकाशाला माडांआधी ऋतू हवेत.