प्रसविका व्यवसायाचे नियमन (भारत)

बाळंतपण कोणी करावे, त्यासाठी किती शिकावे, तिचे नाव कोणत्या नोंदवहीत असावे, कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंतचे कोणते निर्णय तिने स्वतः घ्यावेत, डॉक्टरांना केव्हा बोलवावे आणि हयगय झाली तर कोणापुढे उत्तर द्यावे, हे ठरवणारे कायदे, अभ्यासक्रम व सेवामानके मिळून प्रसविका व्यवसायाचे नियमन होते. भारतात हे नियमन स्वातंत्र्यापासून परिचर्येच्या पोटात राहिले आहे. परिचारिका आणि प्रसविका अशी दुहेरी नोंदणी एकाच अभ्यासक्रमानंतर मिळते. बोलण्यात तिला ‘आरएन-आरएम’ म्हणतात. ही नोंदणी असलेली सिस्टर वीस वर्षे हाडांच्या वॉर्डात काम करत असली तरी कागदोपत्री प्रसविकाच राहते. त्यामुळे देशात प्रत्यक्ष बाळंतपणे करणाऱ्या प्रसविका किती, हे नोंदवहीवरून कळत नाही. भारतीय नियमनातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये 1902 च्या कायद्याने प्रसविकांसाठी स्वतंत्र मंडळ आले. 1910 पासून प्रमाणपत्र नसलेल्या बाईला पैसे घेऊन नेमाने बाळंतपणे करण्यास बंदी झाली. आजही तिथल्या नोंदवहीत प्रसविकांचा भाग वेगळा आहे. नोंदणी टिकवायची तर तीन वर्षांत 450 तास त्या कामात घालवावे लागतात. परिचारिका आणि प्रसविका अशा दोन्ही नोंदण्या हव्या असतील तर 900 तास लागतात. कामात नसलेल्या हाती बाळंतीण सोपवायची नाही, ही काळजी तिथे नियमातच उतरली आहे.

हिंदुस्थानात सुरुवात कायद्याने झाली नाही. 1885 मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि स्त्रियांसाठी दवाखाने, स्त्री-डॉक्टर व सुइणींचे शिक्षण यांना चालना मिळाली. मुंबईत 1886 मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. पुढे लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने 1903 मध्ये व्हिक्टोरिया स्मारक निधी निघाला. परंपरेने बाळंतपणे करणाऱ्या दायांना स्वच्छतेचे आणि अडलेली बाई ओळखण्याचे शिक्षण देणे हा त्याचा हेतू होता. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मुलींना, त्यांतही विधवांना, परिचर्येच्या शिक्षणाची वाट मोकळी करून दिली. त्या काळी परक्या घरी जाऊन बाळंतपण करणे हे प्रतिष्ठित घरांत हलके काम मानले जाई. हा समज मोडल्याशिवाय नोंदणीचे कायदे करूनही उपयोग झाला नसता. मुंबई इलाख्याचा परिचारिका, प्रसविका व आरोग्य-अभ्यागत नोंदणी कायदा 1935 मध्ये झाला. भारतीय परिचर्या परिषद अधिनियम 1947 मध्ये आला आणि अभ्यासक्रमांना देशभर एक चौकट मिळाली.

यानंतरची वाटचाल प्रसविकेसाठी फारशी चांगली नाही. भोर समितीने 1946 मध्ये ग्रामीण आरोग्यसेवेचा आराखडा मांडला आणि पुढच्या दशकात साहाय्यकारी परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम, हे पद रुजले. दोन वर्षांच्या शिक्षणात बाळंतपणाला मोठा वाटा होता. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने गावपातळीवरील वेगवेगळे कर्मचारी एकत्र करून ‘बहुउद्देशीय कार्यकर्ता’ नेमण्याची शिफारस केली. एएनएमकडे कुटुंब नियोजन, लसीकरण, हिवताप, सर्वेक्षण आणि नोंदवह्या असे सगळे आले. 1977 मध्ये तिचा अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला. तो पुन्हा दोन वर्षांचा व्हायला दशके गेली. मधल्या काळात तयार झालेल्या हजारो जणींच्या पदनामात प्रसविका हा शब्द राहिला, पण बाळंतपण करण्याचा सराव सुटत गेला. उपकेंद्रावरच्या आरोग्यसेविकेला त्याबद्दल दोष देणे अन्यायाचे आहे. तिच्यावर जे लादले गेले, त्यात लेबर रूमसाठी वेळच उरला नव्हता.

महाराष्ट्रात नोंदणीचे काम महाराष्ट्र परिचारिका अधिनियम 1966 खाली महाराष्ट्र परिचर्या परिषद करत आली आहे. एएनएम, जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका) आणि बीएस्सी नर्सिंग असे तिन्ही मार्ग परिषदेच्या नोंदवहीत येतात. नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सेवांतर्गत शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. हे तास कोणत्याही विषयाचे चालतात. अतिदक्षता विभागावरच्या कार्यशाळेला बसलेल्या सिस्टरचे प्रसविका म्हणूनही नूतनीकरण होते, ही त्रुटी उघड आहे. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याने प्रसूतिगृहात पात्र प्रसविका असण्याची अपेक्षा ठेवली आहे. लहान गावांतल्या खासगी प्रसूतिगृहांत मात्र नोंदणी नसलेल्या, कामावरच शिकलेल्या मुली बाळंतिणींजवळ रात्रपाळी करताना दिसतात.

सेवामानकांचा खरा कस प्रसूतीच्या टेबलाजवळ लागतो. बाळंतपणे दवाखान्यात व्हावीत म्हणून जननी सुरक्षा योजना 2005 मध्ये सुरू झाली. 2005-06 मध्ये देशात सुमारे 39 टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये होत होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण 88.6 टक्क्यांवर पोहोचले. बायका दवाखान्यात येणार, तर तिथल्या एएनएमला आणि स्टाफ नर्सला जीव वाचवणारी औषधे वापरण्याची परवानगी हवी होती. केंद्राच्या कुशल प्रसूती-सहायक मार्गदर्शिकेने ती दिली. बाळ बाहेर येताच मिनिटभरात ऑक्सिटोसिनची 10 युनिट स्नायूत द्यायची, मग नाळेला नियंत्रित ताण देऊन वार काढायची आणि पोटावरून गर्भपिशवी चोळून ती कडक झाल्याची खात्री करायची. झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही नितंबांत प्रत्येकी 5 ग्रॅम, टोचून मगच गाडीत बसवायचे. याआधी अशी बाई झटके देत जिल्हा रुग्णालयापर्यंत जायची आणि कितीतरी जणी वाटेतच जायच्या. परिचारिकेने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन द्यायचे नाही, ही जुनी चौकट इथे मोडली. भारतातल्या प्रसविकेच्या अधिकारकक्षेतली ही सर्वांत मोलाची वाढ आहे. तिच्यासाठी दिलेले प्रशिक्षण मात्र 21 दिवसांचे होते.

दुसरे मानक कागदाचे आहे. पार्टोग्राफ हा एका पानाचा आलेख असतो. गर्भपिशवीचे तोंड किती उघडले, बाळाचे ठोके, कळांची गती, बाईची नाडी आणि रक्तदाब वेळेप्रमाणे त्यावर मांडायचे. भारतात वापरल्या गेलेल्या आलेखात 4 सेंटिमीटरपासून सावधानतेची रेषा सुरू होते आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची रेषा असते. नोंदी पहिल्या रेषेच्या पलीकडे सरकल्या की पुढे पाठवण्याची तयारी करायची. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये नवा आलेख दिला. त्यात सक्रिय प्रसूती 5 सेंटिमीटरपासून धरली आहे आणि दर तासाला एक सेंटिमीटर ही सरसकट अपेक्षा सोडली आहे. बाईजवळ तिच्या पसंतीचे माणूस आहे का, तिला प्यायला दिले का, ती उताणी पडून आहे की हिंडते आहे, हेही त्यात नोंदवायचे असते. वेदनेत असलेल्या बाईची वागणूक ही वैद्यकीय नोंद ठरते, ही मोठी गोष्ट आहे.

व्यवहारात पार्टोग्राफ अनेकदा बाळंतपण उरकल्यावर भरला जातो. एका पाळीत दोघी सिस्टर आणि टेबलावर एकामागून एक बाया, अशी स्थिती असली की ठोके मोजायचे की लिहायचे, असा पेच पडतो. मागाहून भरलेला आलेख नेहमी सुबक असतो आणि तपासणाऱ्याला तो चालतो. रेषा ओलांडलेला, खाडाखोड असलेला आलेख वेळच्या वेळी भरलेला असण्याची शक्यता जास्त, हे तपासणीस येणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. डिसेंबर 2017 मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने लेबर रूमची गुणवत्ता तपासण्याची पद्धत आणली आणि तिथल्या प्रशिक्षित परिचारिकांची इतर वॉर्डांत बदली करू नये, असा आग्रह धरला. हात बसायला महिने लागतात आणि पाळीपत्रक बदलायला एक सही पुरते, म्हणून हा आग्रह योग्य होता.

डिसेंबर 2018 मध्ये केंद्र सरकारने भारतातील प्रसविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नोंदणीकृत जीएनएम किंवा बीएस्सी परिचारिकेला 18 महिन्यांचे वेगळे शिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ’ तयार करावी आणि जोखीम नसलेली बाळंतपणे तिच्या देखरेखीखालील कक्षात व्हावीत, अशी ही योजना आहे. परिचर्येनंतर किमान 18 महिने आणि थेट प्रवेश असेल तर किमान तीन वर्षे, हा प्रसविकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा निकष आहे. हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने 2011 पासूनच असे शिक्षण सुरू केले होते आणि तेलंगणाने सरकारी रुग्णालयांत ते नेले. या वाटेने जाण्याचे कारण आकड्यांत दिसते. 2019-21 च्या पाहणीत देशातली 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण 47.4 टक्के होते. नैसर्गिक प्रसूतीला वेळ देणारे आणि त्या वेळाची जबाबदारी घेणारे माणूस व्यवस्थेत नसले की सुरी लवकर हाती येते. नव्या प्रसविकेला सरकारी सेवेत कोणते पद, किती वेतन आणि बढतीची कोणती शिडी, हे पक्के ठरवल्याखेरीज हुशार मुली दीड वर्ष त्यात घालवणार नाहीत.

राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम 1947 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर झाला. 29 सदस्यांचा आयोग, त्याखाली शिक्षण, मूल्यांकन आणि नीती व नोंदणी अशी तीन मंडळे, राज्य आयोग आणि राष्ट्रीय नोंदवही अशी त्याची रचना आहे. नाव नोंदवहीत नसताना पात्र व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्रसविका हा शब्द केंद्रीय आयोगाच्या नावात आला, हे स्वागतार्ह आहे. नोंदवहीत तिचा विभाग वेगळा ठेवला आणि नूतनीकरणासाठी प्रत्यक्ष प्रसूतीकामाचे तास मागितले, तरच या नावाला वजन येईल. तसे करण्यास नवा कायदा लागत नाही, आयोगाचे नियम पुरतात.

या अधिनियमानुसार व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य आयोगाकडे जाते आणि त्यावर नीती व नोंदणी मंडळाकडे, नंतर राष्ट्रीय आयोगाकडे अपील करता येते. भारतीय परिचर्या परिषदेने 2006 मध्ये आचारसंहिता दिली होती. तिच्यात रुग्णाची प्रतिष्ठा, संमती आणि गुप्तता यांचा उल्लेख आहे. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे, मांडीवर चापट मारणे, न विचारता टाके घेण्यासाठी छेद देणे, पोटावर जोराने दाबणे, हे प्रकार मात्र क्वचितच कुठे तक्रार म्हणून नोंदले जातात. सरसकट छेद देणे आणि पोट दाबणे या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने 2018 च्या मार्गदर्शिकेत नाकारल्या आहेत. बाळंतिणीला आणि तिच्या आईला परिषदेचे नावही ठाऊक नसते. दवाखान्याच्या भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी तक्रारीचा पत्ता लावणे अवघड नाही.

नियमनाच्या चौकटीबाहेर राहिली ती दाई. संस्थेतल्या बाळंतपणावर भर आल्यावर तिचे प्रशिक्षण मागे पडले आणि कायद्याच्या दृष्टीने ती कोणीच राहिली नाही. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत पावसाळ्यात ओढ्याला पूर आला की आजही तीच हाताशी असते. महाराष्ट्राने नवसंजीवनी योजनेखाली आदिवासी भागांत दायांच्या बैठका घेतल्या आणि दुर्गम भागांत गरोदर बाईला आधीच येऊन राहता यावे म्हणून आरोग्यकेंद्राजवळ माहेरघरे उभारली. बैठकीत दाईला शिकवले जाते ते मुख्यतः केव्हा थांबायचे हे: अंगावरून जादा जाते, ताप आहे, हात किंवा पाय आधी दिसतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, वार अर्ध्या तासात पडत नाही. त्या वेळी तिने गाडी बोलवायची, आशाताईला कळवायचे आणि बाईसोबत दवाखान्यात जायचे.